लष्कराच्या भाकऱ्या नवशिक्याने भाजाव्यात काय?

एप्रिल २०१७ मध्ये मॉस्को येथे दिमित्री बोगातोव या पंचवीस वर्षांच्या गणिताच्या अध्यापकास अटक झाली. निदर्शनांच्या वेळी हिंसाचारास आणि दहशतवादास चिथावणी देणारा मजकूर इंटरनेटवर प्रसिद्ध झाला होता, आणि तो ज्या पत्त्यावरून आल्याचे दिसत होते, तो पत्ता बोगातोव यांच्या घरच्या संगणकाचा होता. मजकूर लिहिला गेला त्या वेळी आपले अशील पत्नीसमवेत व्यायामशाळेतून व दुकानातून घरी परतत होते आणि दुकानाच्या कॅमेऱ्यात ते दिसतही आहेत, असे त्यांच्या वकिलांचे म्हणणे होते. बोगातोव कोठडीत असतानाही त्याच टोपणनावाने नवे लिखाण प्रसिद्ध होतच राहिले. तथापि, तपास यंत्रणेचे समाधान होण्यास फार काळ लागला. साडेतीन महिने कोठडी, त्यानंतर घरातच स्थानबद्धता, आणि आरोप मागे घेतले गेले ते २०१८ मध्ये. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार सुळीपर्यंत पोहोचला नाही, इतकेच.

बोगातोव यांनी केले होते ते एवढेच की, आपला संगणक त्यांनी परक्यांच्या उपयोगासाठी चालू ठेवला होता. ‘टॉर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाळ्यातील तो एक दुवा होता. जगभरचे स्वयंसेवक आपापल्या खर्चाने असे काही हजार संगणक चालवितात आणि त्यांच्या आधाराने लक्षावधी लोक आपली ओळख न देता इंटरनेट वापरतात. हे काम करण्यास पदवी लागत नाही, परवाना लागत नाही, कोणाची शिफारसही लागत नाही. संगणकाची थोडीबहुत माहिती असलेल्या उत्साही विद्यार्थ्यास ते एका संध्याकाळात जमण्यासारखे आहे. त्यामुळेच एक प्रश्न वारंवार विचारला जातो. नवशिक्याने या कामात पडावे काय? जाणकारांतील एका वर्गाचे उत्तर ठाम नकाराचे असते. दुसरा वर्ग ‘या, जितके याल तितके हवेच आहात’ असे म्हणतो. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. परंतु दोन्ही बाजू बहुधा एक साधी गोष्ट नजरेआड करतात. या जाळ्यातील सगळ्या जागा सारख्या नाहीत.

तीन पडदे

टॉरची रचना समजावून देताना कांद्याची उपमा देण्याची प्रथा आहे आणि ती योग्यच आहे. वापरणाऱ्याचा संदेश एकात एक अशा तीन गुप्तलिपीच्या आवरणांत गुंडाळला जातो आणि तीन निरनिराळ्या स्वयंसेवकांच्या संगणकांतून पुढे जातो. प्रत्येक संगणक एकेक पापुद्रा सोलतो. पहिल्यास संदेश कोणाकडून आला हे कळते, पण तो कोठे चालला आहे हे कळत नाही. मधल्यास दोन्ही बाजूंचे शेजारी तेवढे ठाऊक असतात. तिसरा, म्हणजे निर्गमद्वारावर उभा असलेला संगणक, संदेश इष्ट स्थळी पोहोचवितो, परंतु मूळ प्रवासी कोण हे त्याला माहीत नसते. तिघांपैकी कोणालाही संपूर्ण हकीकत ठाऊक नसणे, हेच या योजनेचे मर्म आहे. मात्र ज्या स्थळी संदेश पोहोचतो, तेथील नोंदवहीत नाव लागते ते या तिसऱ्याचेच. शिवी देणारा निराळा आणि फिर्यादीत पत्ता निराळ्याचा, असे होते ते यामुळे.

ही कल्पना जन्मली ती अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत, १९९० च्या दशकाच्या मध्यात. पॉल सिव्हरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा पाया घातला, पुढे रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन हे त्यांना येऊन मिळाले, आणि २००२ मध्ये टॉरचे जाळे प्रत्यक्षात सुरू झाले. सरकारी हेरखात्यास उपयोगी पडणारी वस्तू साऱ्या जगाला फुकट का वाटावी, हा प्रश्न कोणालाही पडेल. उत्तर व्यवहाराचे होते. केवळ नौदलाची माणसेच हे जाळे वापरू लागली, तर त्यातून बाहेर पडणारा प्रत्येक संदेश नौदलाचा आहे हे शत्रूला न सांगताच कळले असते. गर्दीत लपायचे तर आधी गर्दी हवी. म्हणून पत्रकार, वकील, विद्यार्थी, व्यापारी, आणि अर्थातच भामटेसुद्धा, सर्वांना दार उघडे ठेवणे भाग पडले. २००६ पासून ‘टॉर प्रोजेक्ट’ ही ना-नफा संस्था या कामाची जबाबदारी पाहते. मराठीत विनामोबदला दुसऱ्यासाठी खपण्याला लष्कराच्या भाकऱ्या भाजणे म्हणतात. येथे तर चूल खरोखरीच लष्करी खात्याने पेटविली होती.

नवशिक्यांविषयीचा आक्षेप

आता आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे पाहू. ते असे की, सर्व्हर चालविणे म्हणजे यंत्र एकदा चालू करून विसरून जाणे नव्हे. त्याची प्रणाली वेळोवेळी अद्ययावत करावी लागते, नको ती दारे बंद ठेवावी लागतात, तो रात्रंदिवस चालू राहील हे पाहावे लागते. टॉरच्याच सूचनांनुसार अशा संगणकास सेकंदाला किमान १० मेगाबिट इतका वेग हवा आणि महिन्याला प्रत्येक दिशेने किमान १०० गिगाबाइट वाहतुकीची मुभा हवी. नव्या संगणकाची पारख होऊन त्याच्यावर पूर्ण भार पडण्यास दोन महिन्यांहून अधिक काळ लागू शकतो. तोवर नवशिक्याचा उत्साह टिकेल कशावरून? एकाच मालकाचे अनेक संगणक असतील तर ते एका कुटुंबाचे असल्याचे जाहीर करावे लागते, म्हणजे एकाच प्रवासात त्यांतील दोन निवडले जात नाहीत. ही लहानशी नोंद करण्यास जो विसरला, त्याच्या हातात कोणा अनोळखी माणसाच्या प्रवासाची दोन्ही टोके नकळत येऊ शकतात. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होण्याची हौस इतर ठिकाणी हास्यास्पद असते. येथे तिची किंमत दूर देशीच्या एखाद्या पत्रकाराला मोजावी लागण्याचा संभव असतो.

हा आक्षेप खोटा नाही. परंतु टॉरच्या इतिहासात जाळ्यास प्रत्यक्ष इजा झाली ती कोणाकडून, हे तपासले तर चित्र बरेच उलटे दिसते.

२००७ मध्ये स्वीडनमधील डॅन एगरस्टॅड या सुरक्षातज्ज्ञाने काही निर्गमद्वारे स्वतः चालवून त्यांतून जाणारा उघडा मजकूर वाचला आणि अनेक देशांच्या वकिलातींतील टपालखात्यांचे परवलीचे शब्द जगजाहीर केले. त्यांत भारतीय वकिलातींचीही खाती होती. टॉर ओळख लपविते, पण शेवटच्या दारानंतर मजकूर झाकण्याची हमी देत नाही, एवढी प्राथमिक गोष्ट राजनैतिक कचेऱ्यांत कोणाला ठाऊक नसावी, याचे नवल वाटते. पुढे २०१४ मध्ये, जानेवारीअखेरपासून जुलैच्या प्रारंभापर्यंत, ११५ संगणकांचा एक गट जाळ्यात शिरून वापरणाऱ्यांचा माग काढीत होता. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकी संस्थेने संरक्षण खात्याच्या पैशाने टॉरवर संशोधन केले होते आणि त्यातून एका आरोपीचा पत्ता मिळाला होता, ही गोष्ट २०१६ मध्ये न्यायालयाच्या आदेशात नमूद झाली. मे २०२० मध्ये तर निर्गमक्षमतेचा जवळजवळ चौथा हिस्सा एकाच दुष्ट हेतूच्या चालकाच्या हाती गेला होता. आभासी चलनाच्या व्यवहारांतील पैसे वळविणे हा त्याचा उद्योग होता.

यांतील एकही जण नवशिका नव्हता. प्रत्येकाला आपण काय करीत आहोत याचे संपूर्ण ज्ञान होते, किंबहुना तेच त्यांचे भांडवल होते. जाणकारी आणि विश्वासार्हता या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे शाळामास्तरांपासून सहकारी बँकांच्या सभासदांपर्यंत सर्वांना अनुभवाने ठाऊक असते. केवळ संगणकाच्या बाबतीत तिचा विसर पडतो. टॉरची सुरक्षितता एखाद्या चालकाच्या निष्णातपणावर अवलंबून नाही. परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या, निरनिराळ्या देशांतल्या, निरनिराळ्या स्वभावाच्या असंख्य माणसांच्या हाती ते जाळे विखुरलेले असण्यावर ती अवलंबून आहे. मूठभर तज्ज्ञांच्या हाती सारे सोपविले, तर त्या मूठभरांना गाठणे कोणत्याही सरकारला अवघड नाही. आजच या जाळ्याचा फार मोठा भार जर्मनी, अमेरिका आणि आणखी थोड्या पाश्चात्त्य देशांतील संगणकांवर आहे. म्हणून नवशिका हवा आहे, आणि तो प्रामाणिक व विसराळू असला तरी हवा आहे. जाळ्याची मोजदाद करणारे मोजके विश्वस्त संगणक दर तासाला नवी यादी प्रसिद्ध करतात. बंद पडलेला दुवा त्यातून आपोआप गळून पडतो. विसराळूपणाने होणाऱ्या हानीवर इलाज आहे. कुशल लबाडीवर तो शोधण्यातच वर्षे जातात.

जागा कोणती?

मग नवशिक्याला धोका नाही काय? आहे, आणि तो मोठा आहे. जाळ्याला त्याच्यापासून जितका धोका संभवतो, त्याहून कितीतरी अधिक त्याला स्वतःला आहे. मॉस्कोची हकीकत वर आलीच आहे. परंतु रशियाचे नाव घेऊन समाधान मानण्याचे कारण नाही. ऑस्ट्रियात निर्गमद्वार चालविणाऱ्या एका तरुणाच्या घरावर २०१२ मध्ये छापा पडला. त्याच्या संगणकांतून बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे गेली होती. ग्राझच्या न्यायालयाने २०१४ मध्ये त्याला साहाय्यक ठरवून सशर्त शिक्षा दिली. गैरवापर होऊ शकतो याची कल्पना असल्याचे दर्शविणारी त्याची जुनी संभाषणे त्याच्याविरुद्ध वापरली गेली. २०१६ मध्ये अमेरिकेतील सिॲटल शहरी असाच एक चालक भल्या पहाटे पोलिसांच्या दारावरील थापेने जागा झाला. झडतीत काहीही सापडले नाही, पण झडती झालीच.

या प्रकरणांत एक समान धागा आहे. संकट आले ते निर्गमद्वारावर उभ्या असलेल्या एकट्या माणसावर. मधल्या टप्प्यावरील संगणक बाहेरच्या कोणत्याही स्थळाशी थेट बोलत नाही. त्यामुळे त्याचे नाव फिर्यादीत येण्याचे सहसा कारण पडत नाही. त्याचा पत्ता जाहीर यादीत असतो खरा, आणि काही संस्था ती यादी पाहून तिच्यातील सरसकट सर्वांना आपली दारे बंद करतात. घरच्या जोडणीवर असा संगणक ठेवणाऱ्याला आपल्याच बँकेचे संकेतस्थळ एके दिवशी उघडेनासे झाले, तर त्याने आश्चर्य मानू नये. त्याहून आडोशाची जागा ‘ब्रिज’ची. ज्या देशांत टॉरची जाहीर दारे सरकारने बंद केली आहेत, तेथील लोकांसाठी यादीत नसलेली ही चोरवाट असते, आणि तिला सेकंदाला एक मेगाबिट वेगही पुरतो. सर्वांत सोपी जागा ‘स्नोफ्लेक’ची. संगणकावरील ब्राउझरला एक लहानशी जोड दिली की झाले. तो संगणक उघडा असेल तेवढा वेळ कोणा दूरच्या माणसाला जाळ्याच्या उंबरठ्यापर्यंत हात देतो. वाहतूक तेथून पुढे जाळ्यातच शिरत असल्यामुळे अंतिम स्थळी हात देणाऱ्याचा पत्ता दिसत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये रशियाने टॉरवर बंदी आणली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी हिच्या मृत्यूनंतर इराणात इंटरनेट आवळले गेले, तेव्हा हजारो लोकांना आधार झाला तो असल्या चिमुकल्या, नवशिक्यांनी दिलेल्या हातांचाच. भारतातील घरगुती जोडण्यांपैकी अनेकांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही. त्यांना सर्व्हर चालविणे अवघडच असते. स्नोफ्लेकला ती अडचण येत नाही.

येथे एका कटू गोष्टीला सामोरे जाणे प्राप्त आहे. टॉरचा कैवार घेणारे कित्येकदा पोस्टमनचा दाखला देतात. पत्रातील मजकुराबद्दल पोस्टमनला कोणी जबाबदार धरीत नाही, हे खरे. परंतु पोस्टमनच्या पाठीशी टपाल खाते असते, त्याचा कायदा असतो, आणि गणवेश असतो. स्वयंसेवकापाशी यांतले काहीच नाही. शिवाय पाणपोई घालणाऱ्याने पाणी पिणाऱ्याची जात विचारू नये हे जितके खरे, तितकेच आपल्या पाण्याने दरोडेखोराचीही तहान भागणार हे त्याने जाणून असावे हेही खरे. मादक द्रव्यांचा बाजार आणि त्याहून घृणास्पद व्यवहार याच जाळ्याच्या आडोशाने झालेले आहेत. नवऱ्याच्या जाचातून निसटू पाहणारी स्त्री आणि तिचा माग काढणारा नवरा, दोघांनाही ते सारखेच उपलब्ध आहे. हे ठाऊक असूनही ज्याला हे काम करावेसे वाटते, त्याने ते करावे. ज्याला हे कोणी सांगितलेच नाही, त्याला मात्र कामास लावणे ही फसवणूक होय.

लेबनॉन येथील वाचनालय

बोगातोव यांच्या हकीकतीशेजारी ठेवून पाहावी अशी आणखी एक हकीकत आहे. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात लेबनॉन नावाचे छोटे गाव आहे. तेथील किल्टन सार्वजनिक वाचनालयाने २०१५ मध्ये, ग्रंथपालांच्या ‘लायब्ररी फ्रीडम प्रोजेक्ट’ या चळवळीच्या साहाय्याने, टॉरचा एक संगणक सुरू केला. प्रारंभी तो मधल्या टप्प्यावर ठेवला होता, पुढे त्याचे निर्गमद्वार करण्याचा विचार होता. गृहसुरक्षा खात्याच्या एका अधिकाऱ्याने ही वार्ता स्थानिक पोलिसांच्या कानावर घातली, पोलीस वाचनालयाशी बोलले, आणि वाचनालयाने संगणक तात्पुरता बंद केला. १५ सप्टेंबर रोजी विश्वस्तांची बैठक झाली. ग्रामस्थ आले, बोलले. विश्वस्तांनी संगणक पुन्हा सुरू करण्याचा निर्णय घेतला.

काम साधारणतः तेच. पोलिसांची शंकाही त्याच जातीची. एका ठिकाणी तिचे पर्यवसान कोठडीत झाले, दुसऱ्या ठिकाणी सभेत. देश निराळे होते हे कारण आहेच. परंतु दुसरेही एक कारण आहे. लेबनॉनमध्ये संगणकामागे विश्वस्त मंडळ होते, इतिवृत्त होते, जबाब विचारता येईल असा आणि जबाब देऊ शकेल असा पत्ता होता. मॉस्कोत एक भाड्याची वा मालकीची खोली आणि तीत एक गणिताचा मास्तर होता.

आपल्याकडील परिस्थिती

भारतात टॉर वापरण्यास किंवा त्याचा संगणक चालविण्यास नाव घेऊन मनाई करणारा कायदा नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात दिलेला आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ दुसऱ्याच्या मजकुराचे केवळ वहन करणाऱ्या मध्यस्थास काही अटींवर संरक्षण देते. परंतु हे संरक्षण आपणहून अंगाला चिकटत नाही. ते न्यायालयात मागावे लागते, आणि मागेपर्यंत संगणक पंचनाम्यात गेलेला असतो. दुसऱ्या बाजूला, ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनी सर्व्हर भाड्याने देणाऱ्या व व्हीपीएन पुरविणाऱ्या कंपन्यांना ग्राहकांची नावे, पत्ते व वापराचा हेतू पाच वर्षे जपून ठेवणे बंधनकारक केले. काही मोठ्या परदेशी व्हीपीएन कंपन्यांनी त्याच वर्षी भारतातील आपले सर्व्हर हलविले. कंपनीला बाडबिस्तरा आवरून सिंगापूर गाठता येते. पुण्याच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यास ते शक्य नाही.

शिवाय घरातील इंटरनेटची जोडणी बहुधा वडिलांच्या नावावर असते. पोलीस पत्त्यावरून प्रथम त्या नावापर्यंतच पोहोचतात. अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काळ पोलीस कोठडीत राहिलेला सरकारी कर्मचारी सेवानियमांनुसार निलंबित झाल्याचे मानले जाते, हे कोणत्याही कारकुनाला सांगावयास नको. मुलाने निर्गमद्वार चालवावे आणि निलंबनाचा कागद वडिलांनी स्वीकारावा, ही शोकांतिका केवळ उत्साहाच्या भरात ओढवून घेण्यासारखी नाही. म्हणून नवशिक्याला स्पष्ट सांगितले पाहिजे की, घरच्या जोडणीवर निर्गमद्वार चालवू नये. टॉरच्या चालकांसाठी असलेल्या सूचनाही हेच बजावतात. स्नोफ्लेक खुशाल चालवावे. ब्रिजही, जोडणी तशी असेल तर. मधल्या टप्प्यावरचा संगणक घरातील सर्वांना, विशेषतः जिच्या वा ज्याच्या नावावर जोडणी आहे त्या व्यक्तीला, नीट समजावून सांगून मगच ठेवावा. आणि समजावून सांगताना स्वतःची जीभ कोठे कोठे अडखळते, ते पाहावे. जेथे ती अडखळेल तेथवर अभ्यास झालेला नाही.

उरतो प्रश्न निर्गमद्वारांचा. ती कोणीतरी चालविलीच पाहिजेत, नाहीतर बाकीच्या साऱ्या रचनेस अर्थ नाही. परदेशांत हे काम अनेक ठिकाणी नोंदणीकृत संस्था आणि विद्यापीठे करतात. आपल्याकडे १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, गावोगावी अनुदानित वाचनालये आहेत, रात्री ओस पडणारी महाविद्यालयीन संगणकदालने आहेत. कित्येक वाचनालयांना वीजबिल आणि वर्तमानपत्रांची वर्गणी यांचीच ओढाताण असते, त्यामुळे त्यांच्याकडून उद्याच काही अपेक्षिणे हा कल्पनाविलास ठरेल. परंतु एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने विधिज्ञाचा सल्ला घेऊन, पोलीस आयुक्तालयास आधी लेखी कळवून, तक्रार आल्यास उत्तर कोणी व कोणत्या शब्दांत द्यावयाचे हे ठरवून असा एक संगणक सुरू केला, तर तेथील विद्यार्थ्यांना तो चालवावयास शिकण्यास कोणाचीच हरकत असू नये. मात्र त्या संगणकाच्या नोंदणीवर सही प्राचार्यांची असावी, प्रयोगशाळेत रात्री उशिरापर्यंत थांबणाऱ्या पोराची नव्हे.